पावणेतीन गुंजा दारू, साडेचोवीस किलोमीटर विहीर

कंपनी सरकारच्या काळातला चांदीचा रुपया आठवा. वजन बरोब्बर एक तोळा, म्हणजे इंग्रजी मापात १८० ग्रेन. आपल्या सोनारांनी या तोळ्याचे ९६ भाग केले आणि एका भागाला गुंज म्हटलं. आता हा रुपया तराजूच्या एका पारड्यात ठेवा आणि दुसऱ्या पारड्यात बंदुकीची दारू ओता. काटा मध्यावर आला की थांबा. तेवढ्या दारूत पिस्तुलाची ३६ काडतुसं भरतात!

हा हिशेब अमेरिकेतला. तिथे लाखो नेमबाज आपली काडतुसं घरीच भरतात. चालवलेल्या गोळीची पितळी पुंगळी उचलायची, साफ करायची, तिच्या बुडाला नवा प्रायमर (दारू पेटवणारी टिकली) बसवायचा, दारू घालायची आणि वर नवी गोळी दाबून बसवायची. स्वतःपुरतं हे करायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. दारू डब्यांतून विकत मिळते आणि डब्यांवर वेगवेगळी नावं असतात. कुठली घ्यायची, हा प्रश्न किराणा दुकानातल्या प्रश्नाइतका साधा वाटतो. पण त्या डब्यात किती मोठे आकडे कोंडलेत ते बघू या. चला, एकेक आकडा बाहेर काढू.

हिशेबासाठी ९ मिलिमीटरचं पिस्तूल घेऊ. गेओर्ग लुगर या माणसाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बनवलेलं हे काडतूस आज जगभर चालतं. त्यात दारू धरू ५ ग्रेन. (हा आकडा निव्वळ गणितापुरता, खरा आकडा दारू आणि गोळीप्रमाणे बदलतो.) ५ ग्रेन म्हणजे पावणेतीन गुंजांना किंचित कमी. ग्रॅममध्ये सांगायचं तर ०.३२. चिमूटसुद्धा नाही! अमेरिकेत दारू पौंडावर मिळते आणि एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. म्हणजे एका डब्यात १,४०० गोळ्या. डब्याची किंमत समजा ४० डॉलर, आणि डॉलरचे ८५ रुपये. एका बाराची दारू पडली फक्त अडीच रुपयांच्या आतबाहेर.

अडीच रुपयांत काय काय मिळतं ते आता मोजू.

पहिली गोष्ट, दाब. अमेरिकेत १९२६ पासून शस्त्र आणि दारूगोळा बनवणाऱ्यांची एक संस्था कुठल्या काडतुसात जास्तीत जास्त किती दाब चालेल ते ठरवून देते. ९ मिलिमीटरसाठी मर्यादा आहे चौरस इंचाला ३५,००० पौंड. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३२ भरतो. टायरच्या जवळजवळ अकराशे पट! तरीही आकडा हाताला लागत नाही ना? मग विहीर खणू. पाण्याने तुडुंब भरलेल्या विहिरीच्या तळाशी एवढा दाब यायला ती किती खोल हवी?

अंतर मोजायला पश्चिम रेल्वेचा मार्ग घेऊ. चर्चगेटला विहिरीचं तोंड, आणि विरारकडे जाणारी लाइन थेट पाताळात उभी वळवलेली. जुन्या .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची मर्यादा १७,००० पौंड. विहीर झाली १२ किलोमीटरची. दादर वर राहिलं, माहीम जवळ आलं. जगातला सगळ्यात खोल समुद्र, मारियाना गर्ता, ११ किलोमीटरच्या आसपास. तो इथेच मागे पडला! .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची मर्यादा २१,००० पौंड, विहीर १५ किलोमीटर, पोचलो वांद्र्याला. ९ मिलिमीटरसाठी साडेचोवीस किलोमीटर; अंधेरी गेली, जोगेश्वरी गेली, आता गोरेगाव येणार. आणि जाता जाता .३०८ रायफलचीही विहीर खणून टाकू. तिची मर्यादा ६२,००० पौंड. त्रेचाळीस किलोमीटर! उतरा, भाईंदर आलं!

हा गोरेगावच्या अलीकडचा दाब पडतो कुठे? गोळीच्या बुडावर. बूड केवढं? करंगळीच्या नखाएवढं. त्या नखावर त्या क्षणी दीड टनाचा रेटा असतो. एक भरभक्कम मोटार नखावर उभी!

दुसरी गोष्ट, वेळ. गोळी साधारण १० सेंटिमीटरच्या नळीतून बाहेर पडते आणि त्याला लागतो ०.६ मिलिसेकंद, थोडा इकडेतिकडे. एकदा पापणी मिटून उघडायला सेकंदाचा तिसरा हिस्सा जातो. तेवढ्यात नळीतला हा सगळा प्रवास पाचशे वेळा उरकतो! या अवधीत गोळी शून्यावरून सेकंदाला ३५० मीटरवर जाते. ताशी १,२६० किलोमीटर, म्हणजे आवाजाच्याही पुढे. हाच वेग टिकला असता, आणि हवेने अडवलं नसतं, तर मुंबईहून सुटलेली गोळी दीडशे किलोमीटरवरच्या पुण्यात सात मिनिटांत पोचली असती. तेवढ्यात आपली मोटार द्रुतगती मार्गाच्या पहिल्या टोलनाक्यापर्यंतही पोचलेली नसते.

आणि गोळी नुसती धावत नाही, गरगरतही जाते. नळीच्या आतल्या आट्या तिला दर २५ सेंटिमीटरला एक फेरा घालायला लावतात. सेकंदाला जवळजवळ १,४०० फेरे, मिनिटाला ८२,०००. छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो. पुण्यापर्यंत ती गेलीच असती तर वाटेत सहा लाखांच्या घरात गिरक्या झाल्या असत्या!

वेग वाढण्याचा झपाटा तर आणखी भन्नाट. अंतराळवीराला उड्डाणाच्या वेळी स्वतःचं वजन तिप्पट-चौपट वाटतं. नळीतल्या गोळीला ते सरासरी ६२,००० पट होतं. ८ ग्रॅमची गोळी, पण त्या क्षणापुरती पाच क्विंटलची! धान्याची पन्नास किलोंची दहा पोती एका बोरीएवढ्या तुकड्यात.

तिसरी गोष्ट, ताकद, आणि इथे भले भले फसतात. वाटेल की या दारूत ऊर्जा ठासून भरलेली असणार. अजिबात नाही! एका ग्रॅम दारूत सुमारे ४,००० ज्यूल असतात आणि एका ग्रॅम साखरेत त्याच्या चौपट. चहात पडणारी एक चमचा साखर पिस्तुलाच्या कितीतरी बारांना भारी आहे. मग साखरेचा स्फोट का होत नाही? कारण साखरेला जळायला हवेतला प्राणवायू लागतो, आणि तो हळूहळू मिळतो. दारू आपला प्राणवायू स्वतःच्या रेणूंमध्येच बांधून आणते. घाई सगळी तिथून येते.

या घाईची किंमत अश्वशक्तीत काढा. गोळीला मिळणारी ऊर्जा सुमारे ४९० ज्यूल. आकडा किरकोळ आहे. पण तो ०.६ मिलिसेकंदात दिला जातो, म्हणून ताकद होते ८०० किलोवॉटच्या वर. अकराशे अश्वशक्ती! लांब पल्ल्याच्या गाड्या ओढणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन सहा हजारांहून थोड्या जास्त अश्वशक्तीचं. म्हणजे सहा पिस्तुलं एकाच क्षणी उडाली, तर तेवढ्या क्षणापुरतं एक आख्खं रेल्वे इंजिन हवेत उभं राहतं. आत वायूचं तापमान अडीच हजार अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. लोखंड १,५३८ अंशांना वितळतं, पण नळी शाबूत राहते, कारण वितळायलासुद्धा वेळ लागतो आणि तो तिला मिळत नाही.

आता डबा निवडायचा प्रश्न नीट दिसायला लागतो. दुकानातून माणूस विकत घेतो तो वेळ. शंभराहून जास्त दारूंचे तक्ते निघतात, सगळ्यात झटपट जळणारी वर आणि सगळ्यात सावकाश जळणारी खाली. 'बुल्सआय' ही १८९८ मध्ये आलेली दारू वरच्या टोकाला. तिला आखूड नळी आणि हलका बार मानवतो. 'एच-११०' सारखी संथ दारू मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी. तिला पुंगळी भरलेली लागते आणि ती गोळीला रेटत रेटत नेते. संथ म्हणायचं ते फक्त तक्त्यापुरतं. दोघींतला फरक मिलिसेकंदाच्या तुकड्यांचा आहे!

मोजमापाची नजाकत बघा. घरगुती तराजू दारू मोजतो एक दशांश ग्रेनपर्यंत. म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, एका तांदळाच्या दाण्याचा तिसरा हिस्सा. एका पौंडाच्या डब्यात अशा ७०,००० पायऱ्या! ५ ग्रेनच्या बारात अर्धा ग्रेन जास्त पडला, म्हणजे दीड तांदूळ जास्त पडला, की दारू १० टक्क्यांनी वाढली. दाब मात्र १० टक्क्यांवर थांबत नाही. दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी चढतो. दीड तांदळापायी विहीर कित्येक स्टेशनं खोल जाते.

आणि दुप्पट पडली तर? .३८ स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या जमान्याला शोभेल अशी ऐसपैस आहे. झटपट दारूचा बार तिच्या तळाशी जेमतेम दिसतो. एकाच पुंगळीत दोन बार पडले तरी ते आत मावतात, आणि नजर चुकली तर कुणाला पत्ता लागत नाही, हातातलं रिव्हॉल्व्हर फुटेपर्यंत. चांगल्या यंत्रावर माणूस तासाला ५०० काडतुसं भरतो. हजारात एक चूक म्हटली तरी दर दोन तासांनी एक! अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या संहितेनुसार घरात मूळ डब्यांमध्ये २० पौंड दारू ठेवता येते. २० पौंड म्हणजे २८,००० काडतुसं. त्याच दराने २८ चुका. बोटं दहाच असतात.

घाऊक आकडे हवेत? दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सरकारकडे रायफलींची दारू ढिगाने उरली होती. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने त्यातली ४८९५ नावाची ५०,००० पौंड दारू उचलली आणि घरी काडतुसं भरणाऱ्यांना विकायला काढली. साठवायला गोदाम नव्हतं, म्हणून रेल्वेचा जुना मालडबा कामी आला. ५०,००० पौंड म्हणजे ३५ कोटी ग्रेन! चांदीच्या रुपयांच्या वजनात साडेएकोणीस लाख रुपये. रायफलच्या एका बाराला ५० ग्रेन धरले तर ७० लाख काडतुसं. एक माणूस, एक मालडबा, ७० लाख बार! हॉजडन कंपनी आजही कॅन्ससमध्येच आहे.

आता शेवटची उडी. डेक्कन क्वीन मुंबईहून सुटते आणि सव्वातीन तासांत पुण्याला लागते. समजा, गाडी सुटताक्षणी एक पिस्तूल उडालं. गोळी नळीबाहेर पडली रे पडली की दुसरी निघाली, तिच्या मागोमाग तिसरी. मध्ये श्वासाचीही फट नाही. ०.६ मिलिसेकंदाला एक. कर्जत येईल, घाट चढेल, लोणावळा मागे पडेल, गाडी पुण्याला लागेल. किती गोळ्या झाल्या? एक कोटी पंचाण्णव लाख! दारू किती लागली? सहा टनांच्या वर. त्या दारूचं बिल? पावणेपाच कोटी रुपयांच्या आसपास. गोळ्यांचं वजन? १५६ टन! ४० टनांचा एक डबा धरला तर डेक्कन क्वीनचे जवळजवळ चार डबे त्या एकाच नळीतून बाहेर फेकले गेले. आणि हे सगळं एका वेळी पावणेतीन गुंजा दारूच्या जोरावर!

महाराष्ट्राला हा व्यवहार परका नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे, वरणगावला काडतुसं बनतात आणि भंडाऱ्याला दारू तयार होते. पण ते सरकारी कारखाने आहेत. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा, आणि त्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. घरातल्या टेबलावर हा छंद चालत नाही.

अमेरिकेत ज्यांना तो मुभेने करता येतो, त्यांच्यासाठी मात्र या आकड्यांचा निकाल स्पष्ट आहे. तक्त्यावरची सगळ्यात जोरकस किंवा पौंडामागे सगळ्यात जास्त बार देणारी दारू शोधत बसू नये. पुंगळीत जास्त जागा व्यापणारी, फुगीर दारू घ्यावी; चुकून दोनदा पडली तर ती काठावरून सांडते आणि डोळ्यांना दिसते. दारू बनवणाऱ्याने छापलेल्या कमाल आकड्यापुढे दशांश ग्रेनही जाऊ नये, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावून बघावं. बार अडीच रुपयांत पडतो, बोटं विकत मिळत नाहीत.