पाच दिवस म्युनिक, दोन दिवस युरोप

परदेशी गेलेल्या जोडप्याचे फोटो आपण बघतो ते शनिवार-रविवारचे. मग सोमवार ते शुक्रवार तिथे चालतं तरी काय?

एका शनिवारी साल्झबर्ग, पुढच्या शनिवारी परीकथेतला किल्ला, त्याच्या पुढच्या शनिवारी गुडघाभर बर्फ! म्युनिकला गेलेल्या मित्रमैत्रिणींचे फोटो बघून ऑफिसात डबा खाताना कुणीतरी म्हणतंच, ‘मज्जा आहे बुवा यांची!’ मज्जा आहेच, खोटं कशाला बोला? पण फोटोत कधीच न येणारा एक मंगळवारही असतो. आणि संसार होतो तो मंगळवारी.

म्युनिक आपल्याला तसं परकं नाही. सीमेन्स आणि बीएमडब्ल्यूची मुख्यालयं तिथलीच. पुण्यात तर मॅक्समुल्लर भवनात जाऊन ‘इश हाइसं’ घोकलेला एखादा भाऊ किंवा बहीण घरटी सापडेल. आयटीवाल्यांसाठी जर्मनीने दार उघडलं ते 2000 साली, ‘ग्रीन कार्ड’ नावाच्या योजनेने. त्याच वर्षी तिथल्या एका प्रांतिक निवडणुकीत ‘भारतीय नकोत, आपली मुलं हवीत’ अशा अर्थाची घोषणाही गाजली होती. 2012 मध्ये ‘ब्लू कार्ड’ आलं आणि इंजिनियर नवरा किंवा बायको, त्यांच्यामागोमाग त्यांचा जोडीदार, असा ओघ सुरू झाला.

घर मिळालं, किचन कुठाय?

पहिला धक्का घराचा. म्युनिक हे जर्मनीतल्या सगळ्यात महागड्या शहरांपैकी एक. जाहिरातीत भाडं ‘थंड’ आणि ‘गरम’ असं दोन प्रकारचं असतं. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं, गरम म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून जास्त घेता येत नाही, पण तेवढंही पुरेसं घाम फोडतं. आणि फ्लॅट बऱ्याचदा किचनशिवाय मिळतो. म्हणजे ओटा, सिंक, शेगडी काहीच नाही, भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप फक्त! जुना भाडेकरू आपलं किचन उचलून घेऊन गेलेला असतो, नाहीतर ते तुम्हाला विकायला बसलेला असतो.

घरात शिरल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा. या एका कागदावर पुढचं सगळं अडलेलं असतं. टॅक्सचा नंबरही त्यानंतरच पोस्टाने घरी येतो. हो, पोस्टाने. मोटारींच्या या देशात पत्रपेटी रोज उघडावी लागते.

रविवार म्हणजे रविवार

बव्हेरियात दुकानं संध्याकाळी आठला बंद. रविवारी तर उघडतच नाहीत. रविवारच्या विश्रांतीला जर्मन राज्यघटनेचं संरक्षण आहे, म्हणून शनिवारी सात वाजता सुपरमार्केटात दादरच्या मंडईची आठवण यावी अशी गर्दी उसळते. कोथिंबीर विसरलात? सोमवारपर्यंत विसरा. रविवारी ड्रिल मशीन लावायचं नाही, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकून खळ्ळकन आवाज करायचा नाही. सुरुवातीला हे सगळं जाच वाटतं. सहा महिन्यांनी मात्र मॉल नसलेला रविवार अंगात मुरतो. इझार नदीच्या काठाने दोघं नुसतंच चालत जातात, आणि लग्नानंतर इतका वेळ आपण एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो, हे लक्षात येतं.

बाटल्यांवरून आठवलं. प्लॅस्टिकची बाटली किंवा कॅन घेतला की 25 सेंट अनामत. रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी मिळते, ती काउंटरवर दिली की पैसे परत. आपल्याकडच्या रद्दीवाल्याचं सुख इथे या मशीनपाशी मिळतं.

श्रीखंडाचा शोध

स्वयंपाकघरात मात्र मराठी माणूस हार मानत नाही. ‘क्वार्क’ नावाचं घट्ट, आंबटसर प्रकरण प्रत्येक दुकानात मिळतं. त्यात साखर, केशर, वेलची घाला आणि चक्का बांधायची कटकट न करता श्रीखंड तयार! गव्हाचा ‘ग्रीस’ म्हणजे आपला रवा, ‘रोटं लिन्झन’ म्हणजे मसूर डाळ. कणकेचं गणित थोडं अवघड. पाकिटावर 405 लिहिलेलं असेल तर तो मैदा समजा. आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. पोहे, हिंग, कढीपत्त्यासाठी मुख्य स्टेशनजवळच्या भारतीय दुकानात फेरी मारायची. फोडणी देताना खिडकी उघडायची, आणि थंडीत ती उघडताना देवाचं नाव घ्यायचं.

‘ती दिवसभर करते काय?’

आता फोटोत न येणारी गोष्ट. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला नोकरी करायची पूर्ण परवानगी असते. येण्याआधी जर्मनची परीक्षाही द्यावी लागत नाही. कागदावर सगळं झक्कास! पण एचआर, बँकिंग, शिक्षण, वकिली यांत पाच-सहा वर्षं काढलेल्या मुलीला इथे पहिला प्रश्न येतो तो भाषेचा. कोडिंग इंग्रजीत चालतं, माणसांशी बोलायचं काम इंग्रजीत चालत नाही. सरकारच्या इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेच्या 600 तासिका असतात, आणि त्या संपल्यावर तुम्ही पोचता बी-वन पातळीला. चांगल्या नोकरीच्या जाहिरातीत बऱ्याचदा सी-वन मागितलेलं असतं. शिवाय क्लासमध्ये शिकायची शुद्ध जर्मन, आणि खालच्या बेकरीतली बाई बोलते बव्हेरियन!

काल-परवापर्यंत स्वतःची टीम सांभाळणारी मुलगी सकाळी नवऱ्याला डबा देते आणि दार लावते. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. तो दमून येतो तेव्हा तिला दिवसभराचं बोलायचं असतं, आणि त्याचे दिवसभराचे शब्द संपलेले असतात. ‘तुझं बरंय, निवांत आहेस,’ हे वाक्य अशाच एखाद्या संध्याकाळी बाहेर पडतं आणि पुढचे तीन दिवस घरात फिरत राहतं. हल्ली उलटही होतं. ती ब्लू कार्डवर आणि तो डिपेंडंट. मग तर गावाकडचे काका फोनवर विचारतातच, ‘अजून काही लागलं नाही का रे?’

यातून नीट बाहेर पडतात ती जोडपी काही जगावेगळं करत नाहीत. भाषेचा क्लास हा ‘टाइमपास’ नाही, ती नोकरीच आहे, असं दोघंही धरून चालतात. क्लासची फी आणि वेळ ही घराची गुंतवणूक मानतात. जॉइंट अकाउंट उघडतात, म्हणजे कॉफीसाठीही पैसे मागायची वेळ येत नाही. आणि तो घरातही थोडं तोडकंमोडकं जर्मन बोलतो. हसू येतं, पण उपयोग होतो.

आणि मग शुक्रवार येतो!

जर्मनीभरच्या लोकल आणि रीजनल गाड्यांचा मासिक पास 2023 मध्ये 49 युरोला सुरू झाला. 2025 मध्ये तो 58 झाला आणि 2026 च्या जानेवारीपासून 63. वेगवान आयसीई गाड्यांना तो चालत नाही, पण सीमेपलीकडच्या साल्झबर्गपर्यंत चालतो. मित्रमंडळी असतील तर बायर्न-तिकीट काढायचं. एका तिकिटात पाचजण, शनिवार-रविवारी दिवसभर.

पहिली वारी ठरलेली, न्यूश्वानश्टाइनची. दुसऱ्या लुडविग राजाने 1869 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला. 1886 मध्ये राजा गेला आणि सातच आठवड्यांत तो तिकीट लावून लोकांना खुला झाला. 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही आला. आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा डोळ्यांनी बघा! उंचीची हौस असेल तर गार्मिशवरून त्सुगश्पित्स, 2962 मीटर, जर्मनीचं सर्वोच्च शिखर. पाण्याची हौस असेल तर लोकलने श्टार्नबर्गचं सरोवर. गाठीशी भाकरी-चटणी ठेवलीत तर दिवस स्वस्तात पडतो.

एखादा शनिवार डाखाऊसाठी ठेवा. शहराच्या लोकलने अर्ध्या तासाच्या आत तुम्ही त्या गावात असता. 1933 मध्ये नाझींनी तिथे छळछावणी उघडली. परतताना कुणी फारसं बोलत नाही.

फिरण्याचंही एक व्यसन असतं बरं का. घरातला अबोला रेल्वेच्या खिडकीत बसून विसरता येतो, सुटत नाही. दर वीकएंडला पळणाऱ्या जोडप्याने अधूनमधून एक शनिवार घरीच काढावा.

साडेतीन की साडेचार?

उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघून फोन लावावा तर हिवाळ्यात घरी साडेदहा, आई डुलक्या काढतेय. म्हणून खऱ्या गप्पा रविवारीच. आईबाबांना बोलवायचं तर व्हिजिटर व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस, सोबत किमान 30 हजार युरोंचा आरोग्य विमा. ते येतात, किल्ला बघतात, ‘इथं रस्त्यावर माणसंच नाहीत गं’ म्हणतात आणि परत जातात.

‘दोनच वर्षं’ म्हणून आलेले बहुतेक जण हा हिशोब मनात ठेवूनच राहतात. कायम वास्तव्याचा परवाना ब्लू कार्डवर 27 महिन्यांत, बी-वन जर्मन असेल तर 21 महिन्यांतच मिळू शकतो. परवाना हातात आला की खरा प्रश्न पडतो, आता राहायचं की निघायचं? त्याचं उत्तर किल्ल्यात सापडत नाही. ते मंगळवारीच द्यावं लागतं, दोघांनी मिळून.

बॅग भरण्याआधी

- जर्मनचे पहिले दोन टप्पे भारतातच उरका, दोघांनीही.
- लग्नाचा, पदवीचा, अनुभवाचा प्रत्येक दाखला सोबत घ्या. नोकरी शोधताना जोडीदाराला लागतो.
- शेंगेन देशांत फिरताना पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड जवळ हवंच. साल्झबर्गहून परतणाऱ्या गाडीत पोलीस तपासणी होते. लंडनला मात्र वेगळा व्हिसा!
- कुकरची रिंग आणि शिट्टी जास्तीची न्या. क्वार्क तिथे मिळेल, शिट्टी मिळणार नाही.