८१६ भागिले ८ : सहावीच्या वर्षाचा हिशेब

वर्षाला ८०० तास शिकणारं मूल जूनमध्ये १००० तासांच्या वर्गात जाऊन बसतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे रोजच्या चार तासांचे साधारण साडेचार तास होतात. अर्धा तासच वाढला असं वाटतं, पण वाढलेले दिवस धरून वर्षाअखेरीस ते २०० तास भरतात. गावातली शाळा पाचवीला संपत असेल तर वाटही लांबते. पाचवीपर्यंत शाळा १ किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे, सहावीपासून ३ किलोमीटर. ग्रामीण भागातल्या मुलींसाठी एसटीचा मोफत पास आहे. तो जूनच्या पहिल्याच आठवड्यात काढून घ्यावा.

शाळेतलं ताटही बदलतं. पोषण आहारात पाचवीपर्यंत १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरलेली असतात; सहावीपासून १५० ग्रॅम, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम. तास सव्वापट वाढले, प्रथिनं मात्र दीडपटीहून जास्त. हे कोष्टक मांडणाऱ्यांनी या वयाची भूक बरोबर ओळखली आहे. एरवी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढणारी मुलगी या सुमारास आठ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. मुलांची ही झेप साधारण दोन वर्षांनी येते. म्हणून घरच्या ताटातही भातापेक्षा उसळ, अंडं, मूठभर शेंगदाणे वाढायला हवेत. सहावीपासून शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, मुलींना आणि मुलांनाही. तीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. गोळीने शौचाचा रंग काळपट होतो, तेवढ्याने घाबरून ती बंद करू नये; फक्त उपाशीपोटी घेऊ नये. मासिक पाळीबद्दल मुलीशी बोलणं मात्र याच वर्षी व्हावं, पाळी येण्याआधी.

आता दप्तराकडे वळू. पाचवीतला परिसर अभ्यास सुटा होऊन सामान्य विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल होतो. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, असं कायदा सांगतो. याचा एक परिणाम पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. आजवर एकच बाई किंवा एकच गुरुजी मुलाला दिवसभर पाहत होते. आता तिघे पाहतात, आणि प्रत्येकाला एक तुकडा दिसतो. पालकसभेत फक्त वर्गशिक्षकांना भेटून परतू नका. गणिताच्या सरांना शोधून भेटा.

असं म्हणण्याचं कारण आहे. राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही नापास झालेलं मूल त्याच वर्गात राहू शकतं. सहावीत असं होत नाही. नवोदय विद्यालयाची निवड परीक्षाही पाचवीतच होऊन गेलेली असते. म्हणजे सहावीत मूल कुठे अडलं आहे ते सांगायला उरतं फक्त प्रगतिपुस्तक. सहावीच्या प्रगतिपुस्तकात आकारिक आणि संकलित मूल्यमापनाला निम्मं-निम्मं वजन असतं. तोंडी काम, प्रकल्प, वर्गकार्य यांचे गुण लेखी चाचणीत मिसळून एकच श्रेणी येते, आणि ‘ब-१’ पाहून घर निश्चिंत होतं. त्या श्रेणीआड कच्चा भागाकार सहज लपतो.

तो किती मुलांचा कच्चा आहे? देशाच्या ग्रामीण भागातल्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. दुसरीच्या पातळीचा उतारा ४८.८ टक्के मुलांना वाचता आला. त्याच वर्षी आठवीत भागाकार जमणारी मुलं ४५.८ टक्के होती. ही मुलं वेगवेगळी आहेत, त्यामुळे आकड्यांची थेट वजाबाकी करता येणार नाही. पण पुढच्या वर्गात गेल्यावर प्रत्येकाचं गणित आपोआप सुधारत नाही, एवढं त्यांतून दिसतं. २०१६ पासूनच्या सहावीच्या गणिताच्या पुस्तकात अपूर्णांक, लसावि-मसावि, गुणोत्तर, शेकडेवारी, सरळव्याज असं एकामागून एक येतं, आणि या प्रत्येकाला भागाकार लागतो. सरळव्याज जमत नाही म्हणून क्लास लावलेल्या मुलाची खरी अडचण पुष्कळदा दोन इयत्ता मागे असते.

ती घरच्या घरी पाच मिनिटांत सापडते. कागदावर ८१६ भागिले ८ द्या. उत्तर १२ आलं, तर मधलं शून्य सुटलं आहे. मग अर्धी भाकरी आणि आणखी एक तृतीयांश भाकरी मिळून किती, ते विचारा. मूल दोन पंचमांश म्हणालं, तर त्याने वरचे अंक वेगळे आणि खालचे वेगळे मिळवले आहेत. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहूनही कमी, हे भाकरी मोडूनच दाखवावं लागतं. योग्य उत्तर पाच षष्ठांश.

रागावू नका आणि लगेच रीतही सांगू नका. ८१६ रुपये आठ भावंडांत वाटायला सांगा. प्रत्येकाच्या हातात आधी शंभराची एकेक नोट जाते. उरतात सोळा रुपये. दहाची नोट कुणाच्याच वाट्याला येत नाही, म्हणून दशकाच्या घरात शून्य लिहायचं. मग प्रत्येकाला दोन-दोन रुपये.