निखळणाऱ्या खांद्याचा पहिलवान



आपल्याकडे जशी कुस्ती, तशी जपानात सुमो. मातीच्या ओट्यावर सुमारे साडेचार मीटर रुंदीचं गोल रिंगण असतं. मल्लांच्या कमरेला फक्त जाड लंगोट. इथं पाठ टेकवावी लागत नाही. रिंगणाबाहेर पाऊल पडलं, की हरला. तळपायाशिवाय अंगाचा कोणताही भाग जमिनीला लागला, तरी हरला! आणि सुमोत वजनी गट नसतात. सव्वाशे किलोच्या मल्लापुढे दोनशे किलोचाही उभा ठाकतो.

मग हलक्या मल्लानं करायचं काय? चियोनोफुजीनं काय केलं ते बघा.

त्याचा जन्म १ जून १९५५ रोजी जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर झाला. गावाचं नाव फुकुशिमा, घर कोळ्याचं. पोरगा खेळात पटाईत होता. त्याच गावचे एक नामवंत मल्ल, चियोनोयामा, तोक्योत तालीम चालवत. त्यांच्या तालमीत यायला पोरगा आधी तयार नव्हता. "विमानातून नेऊ," असं म्हटल्यावर तो कबूल झाला, असं सांगतात! १९७० साली, १५ व्या वर्षी, तो रिंगणात उतरला.

तालमीतलं जीवन सोपं नव्हतं. नव्या पोरांनी पहाटे उठायचं, सराव करायचा, झाडलोट करायची, सगळ्यांचा स्वयंपाक करायचा आणि मोठ्यांचं झाल्यावर मग जेवायचं.

चियोनोफुजी वर चढू लागला. १९७५ साली तो सर्वात वरच्या गटात पोचला. पण त्याचा खांदा सारखा निखळायचा. निखळला की स्पर्धा सोडावी लागे, आणि सुमोत हार झाली की पायरी उतरावी लागते. १९७९ साली तो पुन्हा खालच्या गटात आला. वय २३ वर्षे. दुसरा असता तर गावी परतला असता.

यानं दोन गोष्टी केल्या. पहिली, खांद्याभोवतीचे स्नायू मजबूत केले. हाड जागेवर धरून ठेवायला स्नायूच मदत करतात. त्यासाठी तो रोज ५०० जोर काढायचा, असं सांगतात. दुसरी गोष्ट, लढायची पद्धत बदलली. आधी तो ताकदीनं समोरच्याला फेकायला जाई आणि खांद्यावर ताण येई. आता तो विजेसारखा आत घुसून समोरच्याचा लंगोट पकडू लागला आणि पुढे रेटू लागला. वजन मात्र १२० किलोंच्या आसपासच राहिलं.

जानेवारी १९८१ च्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी बलाढ्य कितानोउमीनं त्याला हरवलं. त्यामुळे दोघांचे विजय सारखे झाले आणि लगेच निर्णायक कुस्ती लागली. तीत चियोनोफुजी जिंकला! त्याच वर्षी जुलैत तो 'योकोझुना' झाला. सुमोतला हा सर्वोच्च किताब. तो मिळवणारा तो ५८ वा मल्ल.

१९८८ साली त्यानं ओळीनं ५३ कुस्त्या जिंकल्या. १९८९ च्या जूनमध्ये त्याची तान्ही मुलगी वारली. घरावर आभाळ कोसळलं. तरीही जुलैत तो रिंगणात उतरला आणि ती स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी जपान सरकारनं त्याला राष्ट्रीय सन्मान दिला. हा मान मिळवणारा तो पहिला सुमो मल्ल.

योकोझुनाला खालच्या पायरीवर उतरवत नाहीत. जमेनासं झालं, की त्यानंच थांबायचं. मे १९९१ मध्ये १८ वर्षांच्या ताकाहानादानं त्याला हरवलं आणि दोनच दिवसांनी चियोनोफुजीनं निवृत्ती जाहीर केली. तोवर त्याच्या नावावर ३१ विजेतेपदं आणि १,०४५ विजय होते. पुढे तो स्वतः वस्ताद झाला. ३१ जुलै २०१६ रोजी, ६१ व्या वर्षी त्याचं निधन झालं.

मित्रांनो, खांदा निखळतो म्हणून चियोनोफुजी रडत बसला नाही, आणि दुखणं झाकून तसाच लढतही राहिला नाही. आपलं कुठं कमी पडतं ते त्यानं ओळखलं, आणि मेहनत नेमकी तिथंच केली. आपल्यातल्या कुणाचं गणित कच्चं असेल, कुणाचं अक्षर, कुणी बोलताना अडखळत असेल. तो आपला खांदा समजा. मग, लागायचं ना कामाला?