कबाबवर चिंच-गुळाची लकाकी

मगरिबची अजान होते. खजुराचा तुकडा तोंडात, घोटभर पाणी, आणि दिवसभराचा रोजा सुटतो. नमाज आटोपून माणसे बाहेर पडतात, तोवर नांदेडच्या इतवाऱ्यात, देगलूर नाक्यावर आणि लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास शेगड्या फुललेल्या असतात. शिगांवर खिमा, जाळीवर चिकन, निखाऱ्यावर टपकणारी चरबी आणि तिचा उठणारा धूर. त्या वासाने थांबणाऱ्यांत रोजेदार असतात, तसेच सहकुटुंब फेरफटका मारायला आलेले त्यांचे शेजारीही असतात.

कबाबच्या ताटलीत कांदा, लिंबू आणि बाजूला चटणी येते. हिरवी चटणी सगळीकडे मिळते. मराठवाड्याच्या जिभेला ओळखीची आहे ती तपकिरी, आंबटगोड, मागून तिखट लागणारी चिंच-गुळाची चटणी. ही चटणी जरा दाट आटवून भाजत्या कबाबवरच लावली, तर मांसावर चकचकीत साय धरते. कडा किंचित करपतात आणि प्रत्येक घासाला आंबट, गोड, तिखट आणि धूर एकदम लागतो. मोठ्या हॉटेलांत यालाच ‘ग्लेझ’ म्हणतात आणि ते बाटलीतल्या सॉसने करतात. आपल्याकडे त्याचे सगळे साहित्य आठवडी बाजारातच मिळते.

हिंदुस्थानचा खजूर

खजूर आणि चिंच यांचे नाते नावातच आहे. अरबीत खजुराला ‘तम्र’ म्हणतात. चिंचेला अरबांनी नाव दिले ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. इंग्रजीतला ‘टॅमरिंड’ हा शब्द त्यातूनच आला. झाड मूळचे आफ्रिकेतले. पण ते आपल्याकडे इतक्या जुन्या काळापासून आहे, की अरबांना ते इथलेच वाटले. कैरो आणि दमास्कसमध्ये आजही रमजानच्या संध्याकाळी चिंचेचे थंड सरबत पितात.

दख्खनच्या मुसलमानी स्वयंपाकात तर चिंचेशिवाय पान हलत नाही. उत्तरेत आंबटपणासाठी दही किंवा आमचूर वापरतात. इथे खट्टी दाल, बगारे बैंगन, लग्नातला दालचा, सगळे चिंचेवर. नांदेड-लातूर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे ही चव इथे मुरलेली आहे. आणि शेजारच्या वाड्यातल्या काकूंची आमटी तरी कुठे वेगळी? तिलाही चिंच-गूळच लागतो. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत उगादीच्या पच्चडीत कडुनिंबाच्या फुलांबरोबर नवी चिंच आणि गूळ पडतो. एकाच पाटीतली चिंच तीन घरांत तीन सणांना जाते.

पानचिंचोलीची चिंच

लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यात पानचिंचोली नावाचे गाव आहे. गावाच्या नावातच चिंच. या गावच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही ते मिळाले. म्हणजे कबाबवर लावायची चिंच आणि वरून भुरभुरायची कोथिंबीर, दोन्ही मानाच्या आणि दोन्ही एकाच जिल्ह्यातल्या.

चिंच फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे सध्याची काही वर्षे रोजे आणि चिंचेची झोडपणी एकाच हंगामात आली आहेत. या दिवसांत गावोगावी अंगणात बायका चिंच फोडत बसलेल्या दिसतात. टरफल काढायचे, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायचे. मजुरी किलोवर. फातिमा आणि पार्वती एकाच गोणपाटावर बसतात, आणि संध्याकाळी दोघींची बोटे सारखीच आंबलेली असतात.

हे झाड मराठवाड्याला साजेसे आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तशा दुष्काळातही खोल मुळांची जुनी चिंच तग धरते. बी लावलेल्या झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षे लागतात. कलम त्याच्या निम्म्या वेळात धरते. एकदा लागले की ते झाड तीन-चार पिढ्यांना पुरते. पण रस्ते रुंद होताना कडेच्या चिंचा आधी जातात, आणि बांधावरची चिंच सावलीने पीक दबते म्हणून तोडली जाते. एक जुने झाड पडले की चिंच फोडणाऱ्या हातांचे दोन-तीन महिन्यांचे काम आटते, आणि चटणीच्या जागी रंग घातलेला तयार सॉस येतो. तो लाल दिसतो, गोड लागतो. पण त्यात चिंचेचा आंबूस दाटपणा नसतो.

घरी कसे करावे

अर्धा किलो खिम्याच्या कबाबसाठी किंवा तेवढ्याच चिकनसाठी हे प्रमाण पुरते. बी काढलेली नवी चिंच 100 ग्रॅम आणि बिया काढलेले आठ-दहा खजूर दीड वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवावेत. हाताने कोळून गाळून घ्यावे. त्यात 75 ग्रॅम चिरलेला गूळ, एक चमचा लाल तिखट, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सुंठ, ठेचलेल्या लसणाच्या तीन पाकळ्या आणि चवीपुरते मीठ घालावे. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे, अधूनमधून ढवळत आटवावे. पळीच्या पाठीवर बोट फिरवले आणि रेघ तशीच राहिली, की झाले. गार झाल्यावर ते आणखी दाटते, म्हणून थोडे आधीच उतरवावे.

भांडे स्टीलचे घ्यावे. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या पातेल्यात चिंच कधीही शिजवू नये. देवघरातली आणि मशिदीतली पितळ ज्या चिंचेने लखलखते, तीच चिंच धातूही खरवडून पदार्थात उतरवते.

मांस कडक असेल तर खिम्यात किंवा तुकड्यांना दोन चमचे कच्च्या पपईचा वाटलेला गर लावून तासभर ठेवावा. पपईतला चीक मांस मऊ करतो. मात्र रात्रभर ठेवले तर मांसाचा लगदा होतो आणि कबाब शिगेवरून सुटतात.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. पुष्कळ जण चटणी आधीच चोपडतात. गुळातली साखर निखाऱ्यावर चटकन जळते. बाहेर काळे आणि कडू होते, आत मांस कच्चे राहते. म्हणून कबाब आधी नुसतेच भाजावेत. पूर्ण शिजले की निखारे बाजूला सारून आच कमी करावी, मग कोथिंबिरीच्या देठांच्या जुडीने चटणीचा हात फिरवावा. एक मिनिट थांबावे, शीग फिरवावी, पुन्हा एक हात. असे दोनदा केले की बुडबुडे येऊन चकाकी धरते. कोळसा नसेल तर बिडाच्या तव्यावरही होते. फक्त धुराचा वास मिळत नाही. मांस न खाणाऱ्यांनी हीच चटणी पनीर, सुरण किंवा रताळ्याच्या भाजलेल्या फोडींवर लावावी.

दिवसभराच्या रिकाम्या पोटी आंबट-तिखट एकदम जड जाते. आधी खजूर, पाणी, फळे, कबाब नमाजनंतर. मधुमेह असलेल्यांनी या चटणीचे बोट चाटून समाधान मानावे.

उरलेली चटणी कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकते. पण ईदपर्यंत ती उरत नाही. पलीकडच्या घरी आमटी टाकलेली असते आणि चिंच संपलेली असते. भिंतीवरून वाटी पुढे येते, "भाभी, जरा चिंच आहे का?" वाटी जाते चिंचेची, आणि परत येताना तिच्यात दोन पुरणपोळ्या असतात.

राहिलेले चिंचोके मात्र टाकू नयेत. पाऊस पडला की बांधाच्या कोपऱ्यात चार टोचावेत. त्यांचे फळ आठ-दहा वर्षांनी येईल. तोवर रमजान सरकत सरकत थंडीत पोचलेला असेल, आणि त्या सालच्या शेगडीभोवती हीच चिंच लागणार आहे.