उसनी ढाल

जुलैतल्या एका पावसाळी रात्री पार्किंगमधल्या स्कूटरखालून आम्ही मांजरीचं एक पिल्लू उचललं. आई येईल म्हणून संध्याकाळभर लांबून लक्ष ठेवलं होतं, ती आली नाही. पिल्लू चिंब भिजलेलं, डोळे चिपडांनी चिकटलेले, अंगभर पिसवा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते ३१० ग्रॅम भरलं. पुढचे दात कणीएवढे नुकतेच वर आले होते, म्हणजे वय तीन आठवड्यांच्या आसपास. मांजरीचं पिल्लू जन्मतः साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि दर आठवड्याला जवळपास तेवढंच वाढतं. त्या हिशेबानं आमची मनी मागे पडली होती.

"अगं, आधी दूध पाज तिला," आई म्हणाली. कुणालाही हेच सुचेल. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर नेमकं तेच थांबवलं. आधी ऊब, दूध नंतर.

पहिले काही आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. ती आईच्या कुशीतून आणि भावंडांच्या गराड्यातून मिळते. अंग गार पडलं की आतड्यांची हालचालही मंदावते आणि पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं. म्हणून गरम पाण्याची पिशवी जुन्या पंचात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे फार उकडलं तर पिल्लाला सरकता येतं. अंग कोमट झालं की पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर कालवून द्यायची. गाईच्या दुधानं बहुधा जुलाब होतात. आणि पाजताना पिल्लू पोटावरच हवं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं.

इतक्या लहान पिल्लाला शी-शूदेखील बऱ्याचदा आपली आपण होत नाही. आई चाटते तेव्हा होते. ते काम मी ओल्या कापसानं केलं.

मला सगळ्यात थक्क केलं ते मात्र चिकानं. आपण खरवस करतो तो गाईम्हशीचा चीक. तसाच मांजरीलाही येतो. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिनं, जन्माआधीच वारेतून मिळतात. मांजरीच्या पिल्लाला वारेतून फारच थोडी मिळतात. त्याची बहुतेक सगळी शिदोरी चिकात असते, आणि ती रक्तात शोषून घेणारी आतड्याची वाट जन्मानंतर जेमतेम एक दिवस उघडी राहते. आईनं आयुष्यभर ज्या रोगांना तोंड दिलं, त्यांची ओळख त्या एका दिवसात पिल्लाकडे येते.

ही ढाल उसनी असते. आठवड्यागणिक ती झिजते आणि बहुतेक पिल्लांमध्ये दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान संपते. खरा पेच इथे आहे. ढाल मजबूत असते तेव्हा ती रोगाच्या विषाणूसारखीच लसीलाही निष्प्रभ करते. मध्ये काही दिवस असेही येतात, की उरलेली ढाल रोग अडवायला अपुरी पडते, पण लस अडवायला पुरते. हे दिवस कुठल्या पिल्लाचे कधी येतील, ते वरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, किमान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, तीच लस पुन्हा पुन्हा देतात. 'एकदा टोचली की झालं' असं समजून पुढच्या तारखा चुकवल्या, तर पिल्लू नेमकं त्या फटीत सापडू शकतं.

त्या फटीत टपून असतो पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू. झपाट्यानं विभागणाऱ्या पेशी तो गाठतो: आतड्याचं अस्तर आणि पांढऱ्या पेशी बनवणारी अस्थिमज्जा. उलट्या, जुलाब, मग पिल्लू मलूल होऊन पडतं. गाभण मांजरीला त्याची लागण झाली तर पोटातल्या पिल्लाचा तोल सांभाळणारा अनुमस्तिष्क अर्धवट राहू शकतो. असं पिल्लू जन्मभर झोकांड्या खात चालतं, पण तो दोष वाढत नाही आणि ते आनंदानं जगतं. घरात हा विषाणू वर्षभरही टिकू शकतो. त्याला मारायला पातळ केलेलं ब्लीच लागतं.

फिनेल मात्र नको, आणि माणसाची पॅरासिटामॉल तर कधीच नको. अशी द्रव्यं यकृतात निकामी करणारं एक जनुक मांजरांमध्ये बंद पडलेलं आहे. सिंह आणि चित्त्यातही तेच आढळलं. पिढ्यान् पिढ्या निव्वळ मांसावर जगणाऱ्या कुळाला वनस्पतींमधली विषं पचवायची गरजच उरली नसावी, असा संशोधकांचा कयास आहे. कुत्र्यांच्या पिसवांच्या काही औषधांत असणारं परमेथ्रिनही मांजराचा जीव घेऊ शकतं.

पिसवाही किरकोळ नव्हेत. पिसवेची मादी रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे १५ पट रक्त पिऊ शकते. मनीच्या हिरड्या गुलाबी नव्हत्या, पांढुरक्या होत्या. डॉक्टरांनी बारीक दातांच्या फणीनं पिसवा काढायला शिकवलं आणि जंतांचं औषध दिलं, कारण जंत आईच्या दुधातूनही येतात.

दुसऱ्या आठवड्यात ती शिंकू लागली आणि तिनं खाणं सोडलं. मांजराची भूक वासावर चालते. नाक चोंदलं की समोरचं अन्न त्याच्या लेखी अन्नच नसतं. मासळीचं खाणं किंचित कोमट केलं, वास दरवळला आणि ती बशीकडे आली. मांजरांच्या सर्दीमागे बऱ्याचदा हर्पिसचा विषाणू असतो. तो मज्जातंतूंत आयुष्यभर दडून राहतो आणि ताण आला की उसळतो. नव्या घरात येणं हाच पिल्लासाठी मोठा ताण असतो, म्हणून पहिले काही दिवस पाहुण्यांना मांडीवर देऊ नका.

परवा मनी १ किलो ८०० ग्रॅम भरली. लसीचे सगळे डोस झाले, रेबीजचाही. तुमच्या दारात असं पिल्लू आलं तर रोज एकाच वेळी त्याचं वजन करून वहीत लिहा. ते चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुऊन डॉक्टरकडे जा. आणि वजन घटलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा पिल्लानं खाणं सोडलं, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.