निर्वासित म्हणजे कोण? गोठणगावापासून सुरू होणारा धडा



'निर्वासित' हा शब्द मुलं टीव्हीवर ऐकतात. युक्रेन, सीरिया, म्यानमार. त्यांना वाटतं, हे सगळं आपल्यापासून फार लांबचं आहे. पण आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावाजवळ 'नोरग्येलिंग' ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. हिवाळ्यात बाजारात स्वेटर विकणारे तिबेटी लोक मुलांनी पाहिलेले असतातच. मग धडा तिथूनच सुरू करू या.

आधी तीन शब्द

मुलं हे तीन शब्द हमखास एकमेकांत मिसळतात.

• स्थलांतरित : कामासाठी गाव सोडलेला. धानाचा हंगाम संपला की आपल्याकडची कितीतरी कुटुंबं बाहेर कामाला जातात. त्यांना परत यायला वाट मोकळी असते.
• विस्थापित : घर सुटलं, पण देश तोच. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाचे प्रकल्पग्रस्त हे आपल्या ओळखीचं उदाहरण.
• निर्वासित : धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणावरून छळ होईल या भीतीने देशाची सीमा ओलांडलेला. परत गेला तर जिवाला धोका, म्हणून जाता येत नाही.

'परत जाता येतं का?' हा एकच प्रश्न विचारायला लावा. फरक मुलांच्या लगेच लक्षात येतो.

तिबेटी लोक इथे कसे आले?

मार्च १९५९ मध्ये ल्हासा शहरात चीनच्या सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि तो चिरडला गेला. ३१ मार्चला दलाई लामा भारतात पोहोचले. त्यांच्या मागोमाग हजारो लोक बर्फातून डोंगर ओलांडून आले. आसाममध्ये मिसामारी इथे छावणी उभी राहिली. आचार्य कृपलानींच्या अध्यक्षतेखाली मदत समिती झाली. अन्न, कपडे, औषधं मिळाली. पण थंड पठारावरच्या माणसांना इथला उन्हाळा सोसेना. पुष्कळांना हिमालयात रस्ते बांधण्याच्या कामावर पाठवलं गेलं.

छावणीत माणूस जगतो, पण त्याचं घर होत नाही. म्हणून सरकारने राज्यांकडे जमीन मागितली. कर्नाटकात बैलकुप्पे इथे १९६० मध्ये मोठी वसाहत सुरू झाली, आणि पुढे आपल्याकडे नोरग्येलिंग. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्यामुळे वसाहतीच्या नावासोबत 'भंडारा' अजूनही वाचायला मिळतं. बर्फातून आलेली माणसं इथे, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या मुलखात, धानाची शेती शिकली.

मदत म्हणजे फक्त धान्य-कपडे नव्हे

मदतीच्या तीन पायऱ्या फळ्यावर लिहा. पहिली, जीव वाचवणं : अन्न, निवारा, औषध. दुसरी, पायावर उभं करणं : जमीन, शाळा, काम. तिसरी, हक्कांसाठी बाजू मांडणं. ही तिसरी पायरी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तीच राहून जाते.

संयुक्त राष्ट्रांनी १९५० मध्ये निर्वासितांसाठी उच्चायुक्त कार्यालय स्थापन केलं आणि १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. जिथे छळाचा धोका आहे तिथे माणसाला परत ढकलायचं नाही, हा त्याचा गाभा. भारताने त्यावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तरी भारताने तिबेटींना आसरा दिला. मात्र कायदा नसला की पुष्कळ गोष्टी कागदावर अडतात. त्यांना नोंदणी प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने नवं करून घ्यावं लागतं. सातत्याने बाजू मांडली गेली, आणि २०१४ मध्ये केंद्राचं तिबेटी पुनर्वसन धोरण आलं. जमिनीचे भाडेपट्टे आणि सरकारी योजनांचा लाभ हे त्यातले मुख्य मुद्दे.

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने भारताचे नागरिक ठरतात. तरीही अनेक जण नागरिकत्व घेत नाहीत. घेतलं तर परत जायची आशाच सोडली असं होईल, असं त्यांना वाटतं. 'तुम्ही काय केलं असतं?' हा प्रश्न सहावी-सातवीत जरूर विचारा. उत्तर बरोबर की चूक, ते ठरवू नका.

वर्गातला उपक्रम

जागतिक निर्वासित दिन २० जूनला असतो. तेव्हा विदर्भातल्या शाळा सुरू झालेल्या नसतात, म्हणून हा उपक्रम पहिल्या पंधरवड्यात घ्या. 'दहा मिनिटांत घर सोडायचंय, पाच वस्तू घ्या,' असं सांगून यादी करायला लावा. मुलं मोबाईल, खाऊ, सायकल लिहितात. जन्मदाखला क्वचितच कुणी लिहितं. मग विचारा, 'नव्या गावात तू कोण आहेस, हे कसं सिद्ध करशील?' वर्ग शांत होतो.

पालकांनो, बाजारात तिबेटी ताई-दादांना कुणी 'चिनी' म्हणून चिडवलं, तर मुलांना तिथेच थांबवा. ज्या सत्तेमुळे त्यांचं घर सुटलं, तिचंच नाव आपण त्यांना चिकटवतो.

आणि शिक्षकांनो, वीटभट्टीवरचं किंवा परगावाहून आलेलं एखादं लेकरू दाखल्याशिवाय शाळेत येतं. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे वयाचा पुरावा किंवा टीसी नाही म्हणून त्याला प्रवेश नाकारता येत नाही. त्याचं नाव हजेरीपटावर त्याच दिवशी घ्या. कागदांचं नंतर बघता येतं.