भोवऱ्यालाच कण मानले तर

गैरसमज : ‘ड्युअ‍ॅलिटी’ म्हणजे कॉलेजात शिकलेले कण-तरंग द्वैत.

तिथे एकाच इलेक्ट्रॉनची दोन रूपे असतात. इथे दोन पूर्ण सिद्धांत समोरासमोर असतात; कण निराळे, समीकरणे निराळी, तरी मोजता येणारी उत्तरे तीच. क्रेमर्स आणि वानियर यांनी 1941 मध्ये चुंबकाच्या द्विमितीय आयसिंग प्रतिमानात दाखवले की त्याचे तप्त अवस्थेचे गणित थंड अवस्थेच्या गणिताशी तंतोतंत जुळते. संक्रमण एकदाच होते एवढे गृहीत धरून त्यांनी त्याचे तापमानही काढले. ऑन्सागर यांची पूर्ण उकल त्यानंतर, 1944 मध्ये आली.

गैरसमज : गेज सिद्धांत फक्त कणभौतिकीवाल्यांच्या कामाचा.

अतिप्रवाही द्रवाचा पातळ थर घ्या. त्यातल्या भोवऱ्यांनाच कण माना. त्यांच्यातले बल अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, आणि द्विमितीय जगात विद्युतभारांचा नियम नेमका हाच. द्रवातला ध्वनी त्यांच्या दृष्टीने प्रकाश ठरतो, अणूंची घनता चुंबकीय क्षेत्र. हे विद्युतचुंबकीचेच गणित, म्हणजेच गेज सिद्धांत. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट पुढची वाटते : भोवऱ्यांचेच संघनन झाले, म्हणजे ते सगळे एकाच क्वांटम अवस्थेत गेले, की अणू जागच्या जागी अडकतात. भोवऱ्यांच्या भाषेत तो अतिवाहक, अणूंच्या भाषेत निरोधक! पेस्किन यांनी 1978 मध्ये आणि दासगुप्ता-हॅल्पेरिन यांनी 1981 मध्ये हे बिंदूंच्या जाळीवरच्या प्रतिमानात मांडले. (यातले चंदन दासगुप्ता पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.)

गैरसमज : गेज सममिती हा पदार्थाचा खराखुरा गुण.

वरच्याच उदाहरणात अणूंच्या वर्णनात गेज क्षेत्र नावालाही नाही, भोवऱ्यांच्या वर्णनात आहे; पदार्थ मात्र एकच. गेज सममिती म्हणजे एकाच अवस्थेला आपण दिलेली अनेक नावे. अणूंची संख्या कायम राहते, ही खरी सममिती. ती दोन्हीकडे टिकते; भोवऱ्यांच्या बाजूला ती चुंबकीय फ्लक्सची अक्षय्यता म्हणून दिसते.

गैरसमज : हे सगळे सिद्ध झालेले आहे.

जाळीवरची जुनी उदाहरणे सिद्ध आहेत. पण 2015 मध्ये दाम थान्ह सन यांनी प्रबळ चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनांच्या अर्ध्या भरलेल्या ऊर्जापातळीसाठी (लँडाऊ पातळीसाठी) डिरॅक प्रकारचे संयुक्त फर्मिऑन सुचवले आणि 2016 मध्ये सायबर्ग, सेंथिल, वांग आणि विटेन यांनी अशा नात्यांचे अख्खे जाळे विणले, त्याचा मोठा भाग अटकळीवर उभा आहे. अटकळी एकमेकींशी घट्ट बांधलेल्या आहेत; एक मानली की बाकीच्या अनेक तिच्यातूनच निघतात. अर्थात तीच चुकली, तर त्याही तिच्याबरोबर जातील.